२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला एका शिलाईवालीचं खुलं पत्र

सरपंच ताई, उपसरपंच, सदस्य मंडळी, ग्रामसेवक भाऊसाहेब, आणि मतदार यादीत नाव आहे म्हणून ग्रामसभेचे सभासद असलेल्या गावातल्या सगळ्या आया-बहिणी, काका, मामा, दादा लोकांनो,

नमस्कार. मी आपल्याच गावात एकोणीस वर्षं शिलाईकाम करते, तुमच्यातल्या बहुतेक घरांची मापं माझ्या वहीत आहेत, त्यामुळं ओळख सांगत बसत नाही.

गेल्या महिन्यात एका दुपारी शिपाई दादा रजिस्टर घेऊन दारात आले. मी मशीनवर होते, तोंडात टाचणी, हातात बाही. ताई इथं सही करा म्हणाले, कशाची म्हणून विचारलं तर म्हणाले महिला सभेची, काल झाली ती. मी सवयीनं पेन घेतलं, सही केली, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, वरचं वाचलं. सभेत सविस्तर चर्चा होऊन सर्व विषय सर्वानुमते मंजूर, असं लिहिलेलं. खाली माझ्या आधी चाळीसएक सह्या आणि अंगठे. त्यातली एक सही जिच्या नावाची होती ती बाई आठ दिवस झाले लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. शिपाई दादांना मी काही बोलत नाही, त्यांना सांगितलं तेवढं ते करतात, आणि अशा सह्या मी स्वतः एकोणीस वर्षं करत आलेय, वाचल्या मात्र पहिल्यांदा.

त्या रात्री झोप लागेना. एकच डोक्यात, की समजा ती सभा खरंच झाली असती, शाळेच्या व्हरांड्यात आम्ही बायका बसलो असतो आणि सरपंच ताई, तुम्ही माझ्याकडं बघून विचारलं असतं की बाई, तुला कसं जग पाहिजे सांग, तर मी काय बोलले असते? मला पटकन काही सुचेना आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. चव्वेचाळीस वर्षांची झाले, हा प्रश्न मला आजपर्यंत कुणी विचारलेला नाही, माहेरी नाही, सासरी नाही, मत मागायला दारात आलेल्यांनी पण नाही. पाणी आलं का, रेशन मिळालं का, हप्ता जमा झाला का, एवढंच विचारतात. मग मी विचार करत राहिले, मशीन चालवताना केला, भाकरी थापताना केला, आणि जे मनात आलं ते इथं लिहितेय. ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतेय कारण सभेत बोलायला उठले तर अर्ध्यात कुणीतरी बसवतं हा अनुभव आहे.

जगात युद्ध नको, उपाशी कुणी नको, हे मला पण पाहिजेच. पण डोळे मिटले की मला ते लांबचं जग दिसत नाही, मला आपला पार दिसतो, दुधाच्या डेअरीसमोरची लाईन दिसते, शाळेकडं जाणारा तो खड्ड्यांचा रस्ता दिसतो. माझं चांगलं जग तिथंच कुठंतरी आहे, फक्त त्यातली माणसं जरा वेगळी वागतायत.

त्यात पहिल्यांदा दिसते ती एक माऊली. नाव लिहीत नाही, ओळखू येईल असं पण काही लिहीत नाही, अशा बायका प्रत्येक आळीत आहेत. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी ती माझ्याकडं आली, संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही बघून. पिशवीतून खणाचं कापड काढलं, हिरवंगार, लाल काठाचं, नवं कोरं, अजून घडीचा वास होता त्याला. म्हणाली सुनेचं आहे, शिवून दे. मी म्हटलं मग सुनेला पाठवा मापाला, तर म्हणाली ती माहेरी गेलीये, माझंच माप घे, आमचं सारखंच आहे. तिची सून माझ्या निम्म्यानं आहे, हे मला पण माहिती आणि तिला पण माहिती. मी काही बोलले नाही, टेप घेतली, छाती, मुंढा, बाही, गळा. बाहीचं माप घेताना तिनं हात असा पुढं केला आणि क्षणभर ते कापड स्वतःच्या हातावर धरून बघितलं, काठ कुठं येईल ते. मग लगेच खाली ठेवलं. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. गळा किती खोल घेऊ विचारलं तर म्हणाली, तरण्या पोरीचं आहे, घे तुला वाटेल तसा, आणि बाहेर बघायला लागली.

ब्लाउज मी चार दिवसांत शिवलं, अस्तर लावून, काठ बाहीवर बरोबर आणून. ती न्यायला आलीच नाही. रस्त्यात भेटली की म्हणते, असू दे गं, नेते. शिलाईचे पैसे मात्र दुसऱ्याच दिवशी नातवाकडं पाठवून दिले होते.

एक हिरवा ब्लाउज पीस. चोरी नाही, कुणाचं नुकसान नाही. तरी साठीला आलेल्या बाईला सुनेच्या नावाआड लपून माप द्यावं लागतं आणि शिवून झाल्यावर घरी न्यायचं धाडस होत नाही. कुणी तिला मारणार नव्हतं. फक्त हळदीकुंकवाला बायकांनी एकमेकींकडं बघितलं असतं, पारावर कुणीतरी एक शब्द बोललं असतं, मुलाला कुणीतरी म्हटलं असतं की आईला जरा सांग. तेवढ्यालाच ती भिते, आणि हे तेवढं करणारे आपणच आहोत, मी पण त्या नजरेतली आहे, मी पण आजपर्यंत तिला हळदीकुंकवाला बोलावलेलं नाही.

माझे वडील गेले तेव्हा मी सहावीत होते. आईच्या बांगड्या अंगणात दगडावर फोडल्या, फोडणारी माझी सख्खी आत्या, ती पण विधवाच. आईनं हात मागं घेतला तर दोघीतिघींनी धरला. मनगटाला लागलं ते सगळ्यांनी बघितलं, कुणी हळद लावली नाही, त्या दिवशी हळद चालत नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी अंगण झाडताना एक हिरवी काच माझ्या पायात गेली. ती आईनं काढली, आणि काढताना पहिल्यांदा रडली, तोपर्यंत रडली नव्हती.

तुम्ही म्हणाल हे घराघरातलं आहे, यात ग्रामसभा काय करणार. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं हेरवाड आपल्यासारखंच ऊसवाल्यांचं गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं पूर्ण होत होती त्याच आठवड्यात, ४ मे २०२२ ला, तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की आपल्या गावात नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. पंधरा दिवसांच्या आत, १७ मे ला, सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या गावांना सांगितलं की हेरवाडसारखं करा. म्हणजे आधी गावानं केलं आणि मग सरकार मागून आलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे म्हणून कार्यकर्ते आहेत, हा विषय त्यांनी लावून धरला, त्यांनी तर स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं की माझ्यानंतर माझ्या बायकोवर हे करायचं नाही. नवऱ्यानं जिवंतपणी लिहून देणं, यापेक्षा मोठं प्रेम मला तरी माहिती नाही. ठराव झाला की दुसऱ्या दिवशी सगळ्या घरात सगळं बदलतं असं मी म्हणत नाही, माणसाचं मन कागदावर चालत नाही. पण ज्या बाईला हात मागं घ्यायचाय तिच्या पाठीशी गाव आहे एवढं तरी त्या कागदानं होतं. माझ्या आईच्या पाठीशी त्या दिवशी कुणीच नव्हतं.

ते परिपत्रक आपल्या ग्रामपंचायतीत पण आलं असेलच. त्यावर आपल्याकडं चर्चा झाली का, झाली तर कधी, सर्वानुमते काय ठरलं, हे मला रजिस्टरमध्ये बघायचंय.

आता दुसरी बाई. ही आपल्या गावची नाही आणि माझा जीव जास्त हिच्यापाशी अडकतो. दरवर्षी दिवाळीच्या पुढं-मागं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडच्या, ओढ्याच्या कडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात, चार-पाच महिने राहतात, आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की जातात. आपला सगळ्यांचा ऊस तेच तोडतात, आमचा पण सव्वा एकर. गेल्या साली पौषात एक पोर, बावीस-तेवीसची असेल, दुपारी धावत आली, ट्रॅक्टर रस्त्यावर उभा, बाही मुंढ्यापासून फाटलेली. उभ्या उभ्या शिवून द्या म्हणाली, अंगातलं काढायला दुसरं घातलेलं नव्हतं, मग माझी साडी गुंडाळून बसली आतल्या खोलीत. हाताला पाचटानं चरे पडलेले कोपरापासून मनगटापर्यंत, काही ओले काही वाळलेले. पाठीवरचं लेकरू तिनं चिंध्यांच्या ढिगावर ठेवलं, ते लगेच झोपलं, मऊ लागलं असेल. बाही लावली. पैसे किती म्हणाली, मी म्हटलं राहू दे. तर म्हणाली मग ताई अजून एक करा, परकराला आतून खिसा लावा. कशाला विचारलं तर नुसती हसली. मी लावला, चेन टाकून. बाहेर ट्रॅक्टरवाला हॉर्न मारत होता.

मी तिला म्हटलं, हाताला मलम लाव, एक दिवस घरी थांब. म्हणाली खाडा पडतो ना ताई. खाडा म्हणजे काय ते तिच्याकडून कळलं, एक दिवस कामावर गेलं नाही तर त्या दिवसाचे पैसे तर जातातच, वर मुकादम उचलीतून, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशातून, दंड कापतो. जोडप्याला मिळून एक कोयता म्हणतात, उचल दोघांच्या नावावर असते, आणि बाईला पाळी आली, ताप आला, काय पण झालं तरी खाडा. २०१९ ला सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली तर त्यात १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. ते पेपरात वाचलं होतं तेव्हा मला वाटलं लांबचं आहे, बीडचं आहे. पण त्या बीडमध्ये राहतात किती, वर्षातले चार-पाच महिने तर त्या आपल्या ओढ्याला असतात. पहाटे चार वाजता आपल्या फडात असतात. पाणी आपल्या गावातलं नेतात, ते पण कुणी भरू दिलं तर, दोन घागरींसाठी किती बोलणी खातात ते टाकीजवळ राहणाऱ्या सगळ्यांना माहिती आहे.

मी चांगल्या जगाचा विचार करते तेव्हा इथं येऊन अडते. आपलं गाव कितीही छान करू, पेव्हर ब्लॉक टाकू, भिंतींवर चित्रं काढू, कमानीवर आदर्श गाव लिहू, आणि ओढ्याकडेला ती पोर तसंच लेकरू पाठीला बांधून अंधारात आडोसा शोधत असेल तर ते जग माझ्या मनातलं नाही. तिचं नाव आपल्या यादीत नाही म्हणून तिला सभेत बोलता येत नाही, मग तिच्या वतीनं आपण बोललं पाहिजे की नको? माझ्या जगात टोळी गावात येते त्या दिवशी मुकादमासोबत सरपंच पण ओढ्यावर जातात. तिथं एक नळ असतो, तात्पुरता का होईना पण दार लागणारा संडास असतो, एक दिवा असतो. पोरांची नावं दुसऱ्याच दिवशी अंगणवाडीत आणि शाळेत घातली जातात, आशा ताई आठवड्यातून एकदा चक्कर मारतात. यातलं एकपण काम असं नाही की ज्याला दिल्लीला जावं लागेल. टोळ्या महिन्याभरात येतीलच, सभा त्याच्या आधी आहे, म्हणून मी घाईनं लिहितेय.

पाण्याचं थोडक्यात सांगते कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. नगर जिल्ह्यात हिवरे बाजारला पाऊस किती झाला ते मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, आधी प्यायचं, मग जनावरांचं, उरलं तर पिकाचं, आणि ऊस-केळी नाही, शेतीला बोअर नाही असं त्यांनी स्वतःवरच बंधन घालून घेतलंय. आपल्याकडं ऊस बंद करा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तर माझ्याच घरात भांडण होईल. पण उन्हाळ्यात नळाला चार दिवसांनी पाणी आणि फडात पाट भरून वाहतोय, हे सभेत निदान मोठ्यानं बोललं तरी जावं. पोरांच्या मोबाईलचं पण तसंच. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावला रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास सगळ्या घरात टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला बसतात, हे २०२२ पासून. भोंगा आपल्याकडं पण आहे देवळावर.

पण मला खरं हरखून टाकलं ते गडचिरोलीतल्या मेंढा लेखानं. छोटंसं गोंड लोकांचं गाव. आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा त्यांची. २००९ ला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क त्यांनी मिळवला, आणि पुढं २०११ पासून बांबू गाव स्वतः विकायला लागलं. हे सगळं ठीक आहे, पण माझं मन बसलंय ते त्यांच्या ठरवायच्या पद्धतीवर. तिथं बहुमत नसतं. सगळ्यांचं एक होईपर्यंत निर्णय घेत नाहीत, एकजण जरी नाही म्हणाला तरी थांबतात, परत बसतात, परत बोलतात. आधी वाटलं असं केलं तर एकपण काम होणार नाही. मग कळलं की असं केल्यावर त्या एकट्याला गप्प बसवता येत नाही, त्याचं म्हणणं ऐकावंच लागतं. आपल्या रजिस्टरवर छापल्यासारखा असतो तो सर्वानुमते शब्द, तो तिथं खरा आहे. आपल्याकडं त्या शब्दाखाली हजर नसलेल्या बाईची सही आहे.

माझ्या मनातल्या जगाला मी एक शब्द द्यायचा म्हटला तर तोच देईन, सर्वानुमते. त्यात हिरवं ब्लाउज न नेणारी माऊली पण धरलेली, ओढ्यावरची पोर पण धरलेली, आणि ज्याला माझं हे सगळं पटत नाही तो पारावरचा माणूस पण धरलेला, त्याला वगळून मला काही नकोय. आमच्या आत्याला पण मी वगळत नाही. तिच्या बांगड्या फोडल्या तेव्हा ती अठरा वर्षांची होती, हे मला खूप उशिरा कळलं.

आता मागणं, म्हणजे नुसतं स्वप्न सांगून सोडलं असं नको.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा झालीच पाहिजे हा कायदा आहे, ती यावेळी खरी घ्या. सकाळी अकराला घेऊ नका, त्या वेळेला निम्म्या बायका भांगलणीला असतात आणि रोजगार बुडवून कुणी येणार नाही. आदल्या संध्याकाळी घ्या, स्वयंपाक उरकून साडेआठला, शाळेत लाईट आहे, सतरंज्या मी आणि बचत गटाच्या बायका टाकतो. सरपंच ताई, तुम्ही स्वतः बोला, तुमचे मालक, दादा, बाजूला बसले तरी चालतील पण बोलणं तुमचं ऐकायचंय, मत तुम्हाला दिलंय. निम्म्या जागा बायकांना ठेवल्या त्याला २०११ पासून इतकी वर्षं झाली, आता आवाज पण आमचाच येऊ दे. मुख्य सभेला गणपूर्ती, म्हणजे कमीत कमी हजेरी, मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, जे कमी असेल ते. शंभर माणूस आपण लग्नाच्या सुपारीला जमवतो. तहकूब करून चार डोक्यांत परत घ्यायची पाळी यावेळी येऊ देऊ नका. आणि रजिस्टर शेवटी फिरवा, बोलणं झाल्यावर, जे झालं तेवढंच लिहून.

विषय पत्रिकेत पहिला विषय हाच ठेवा, प्रत्येकानं सांगायचं की मला कसं गाव पाहिजे, कसं जग पाहिजे. तास जाईल, दोन तास जातील. म्हाताऱ्यांना विचारा, दहावीच्या पोरींना विचारा, मतदार नसल्या तरी. शिपाई दादांना पण विचारा, ते वर्षानुवर्षं सगळ्यांच्या दारात जातात, त्यांना किती माहिती असेल. दुसरा विषय हेरवाडसारखा ठराव, तिसरा ओढ्यावरच्या कोप्या. घरकुलाची यादी, गटाराचं टेंडर त्यानंतर घ्या, ते पण गरजेचं आहे, मी नाही म्हणत नाही.

ठरावाला कुणी विरोध करणार असेल तर त्यांनी जरूर यावं आणि उभं राहून बोलावं. मी त्यांचं शेवटपर्यंत ऐकेन. फक्त मग माझं पण ऐका.

त्या माऊलीला मी हे पत्र टाकायच्या आधी वाचून दाखवलं, विचारलं टाकू का. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, टाक, पण सुनेचंच होतं असं लिही. मी म्हटलं तसंच लिहिलंय, तुम्ही तसंच म्हणाला होता. ब्लाउज माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे, दोन वर्षांत अंगात फरक पडतो म्हणून काल काढून बघितलं, बगलेत शिलाई जास्तीची सोडलेली आहे, दोन बोटं तरी सैल होईल. हुक तेवढे गंजले होते, ते बदलले.

१ तारखेच्या संध्याकाळी आणि २ ला दिवसभर मशीन बंद राहील. कुणाची अर्जंट ऑर्डर असेल तर ३० पर्यंत आणून द्या.

तुमचीच,
गावातली शिलाईवाली